नाव तेच, नंबर तोच, माणूस दुसरा: चुकीची ओळख कशी निस्तरावी

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही बँकेत भर गर्दीत 'तानाजी पाटील' अशी हाक मारली, तर खिडकीपाशी एकच माणूस येईल याची खात्री देता येत नाही. गावात यामुळे काही अडत नाही. मळ्यातला तानाजी, वरच्या आळीचा तानाजी, सोसायटीत असलेला तानाजी, असं गाव आपापलं वेगळं करून घेतं. संगणकाला आळी कळत नाही. त्याच्यापुढे नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन आणि मोबाईल नंबर एवढंच असतं, आणि यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की तो दोन माणसांचा एक माणूस करून टाकतो. मग एकाचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच्या माथी येतं.

कोल्हापूर भागात हे जुळणं सोपं आहे, त्याची कारणं नीट समजून घ्या, कारण पुढे अर्जात हीच लिहायची आहेत. शिवाजी, संभाजी, तानाजी, राजाराम ही नावं घराघरात. पाटील, कांबळे, चौगुले, पोवार, माने, जाधव ही आडनावं गावोगाव. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. पणजोबा रामचंद्र, आजोबा तानाजी, वडील पुन्हा रामचंद्र आणि नातू तानाजी असेल, तर आजोबा आणि नातू दोघांचंही पूर्ण नाव 'तानाजी रामचंद्र पाटील' होतं. वडिलांच्या नावानेही फरक पडत नाही. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत, त्यामुळे एकाच वर्षी १ जूनला जन्मलेले एकाच नावाचे दोघे शेजारच्या गावांत सापडू शकतात. उरलेला फरक इंग्रजी स्पेलिंग पुसतं: पोवारांचं पवार होतं, चौगुले तर चार तऱ्हांनी लिहिले जातात.

आधी गल्लत कुठल्या प्रकारची ते ठरवा

उपाय त्यावरच अवलंबून आहे. तुम्ही नुकतंच सिम घेतलं आणि कुणा अनोळखी माणसाच्या नावाने फोन येऊ लागले, तर नंबर आधी त्याचा होता. नंबर दहा वर्षं तुमच्याकडेच असून फोन येत असतील, तर कुणीतरी अर्जात तुमचा नंबर लिहिला आहे, चुकून एखादा अंक इकडचा तिकडे झाला म्हणून किंवा वसुलीवाल्यांना चुकवायला मुद्दाम. फोन तुमच्याच नावाने येतो पण कर्ज तुमचं नाही, तर तो नावाचा घोळ आहे. आणि तुमचाच पॅन, तुमचाच फोटो वापरून कुणी कर्ज उचललं असेल, तर ती फसवणूक आहे. तिथे अर्जविनंत्या करत बसू नका. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, तो प्रत्येक पत्रात लिहा.

एक शक्यता मात्र आधी प्रामाणिकपणे तपासा. पाच-सात वर्षांपूर्वी भावकीतल्या किंवा कामावरच्या कुणासाठी एखाद्या पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली होती का? असे कागद लोक विसरून जातात. सही असेल तर हा ओळखीचा घोळ नाही, ती तुमची जबाबदारी आहे, आणि 'तो मी नाही' असं लेखी दिलंत तर तेच पुढे तुमच्या अंगाशी येईल.

फरकाचा कागद

बँक असो, तहसील असो वा कोर्ट, 'तो मी नाही' म्हणून भागत नाही. 'तो मी नाही, कारण या या बाबतीत आम्ही वेगळे आहोत' असं दाखवावं लागतं. त्यासाठी एकच पान तयार करा. उभी रेघ मारून दोन रकाने पाडा. डावीकडे तुमची माहिती, उजवीकडे समोरच्या नोंदीत जे दिसतं ते.

डावीकडे क्रमाने लिहा: पूर्ण नाव, मराठीत आणि पॅनवर आहे त्याच स्पेलिंगने इंग्रजीत, आईचं नाव, आजोबांचं नाव, जन्मतारीख, पॅन, आधारचे फक्त शेवटचे चार अंक, गेल्या दहा वर्षांतले पत्ते, गाव आणि तालुक्यासह, मोबाईल नंबर आणि तो कधीपासून तुमच्या नावावर आहे ती तारीख. नंबरच्या तारखेचा पुरावा म्हणून पोस्टपेडचं जुनं बिल चालतं. प्रीपेड असेल तर सिम सुरू झाल्याची तारीख कंपनीच्या दालनातून लेखी मागा.

उजवा रकाना सुरुवातीला बराचसा कोरा राहील. समोरून नोटीस, संदेश किंवा रिपोर्ट येईल तसा तो भरत जा. वडिलांचं नाव वेगळं, गाव हातकणंगले तालुक्यातलं, कर्ज घेतलं त्या वर्षी तुमचं वय सोळा, अशी एक ठोस विसंगती सापडली की काम निम्मं झालं. तिच्याखाली लाल रेघ मारा.

आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढा आणि तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक कर्जखाते माझे नसल्याच्या तक्रारीसाठी', खाली तारीख. नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र लगेच करू नका, मागितलं तरच करा. करताना मजकूर स्वतः वाचा. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे रोज होतं, त्यामुळे टायपिस्ट सवयीने तोच मजकूर टाकतो. तुम्हाला नेमकं उलटं हवं आहे.

नंबर आधी दुसऱ्याचा होता

बंद झालेला मोबाईल नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला देऊ शकते. बँका, गॅस एजन्सी, ऑनलाइन दुकानं यांच्या नोंदींत मात्र जुना मालक तसाच राहतो. म्हणून नवीन सिम घेतलं की पहिले पंधरा दिवस तो नंबर बँकेला किंवा आधारला जोडू नका. फक्त चालू ठेवा आणि काय काय येतं ते पाहा. रोज कुणाच्या तरी हप्त्यांचे तगादे येत असतील, तर सरळ दुसरं सिम घेणं स्वस्तात पडतं. हेच सहा महिन्यांनी करायचं म्हटलं तर दहा ठिकाणी नंबर बदलत फिरावं लागतं.

नंबर ठेवायचाच असेल तर व्हॉट्सअॅप चालू करताच दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन लावा. दुसऱ्याच्या नावाचा ओटीपी आला तर तो कुणालाही सांगू नका, स्वतः वापरून 'बघू तरी काय आहे' म्हणून त्याच्या खात्यात शिरू नका. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा ठरतो, आणि पुढे तुमच्या तक्रारीतली सगळी ताकद जाते.

कुणाचा संदेश आहे ते शीर्षावरून ओळखा. नोंदणीकृत संस्थांचे संदेश दहा अंकी नंबरवरून येत नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या शीर्षाने येतात, आणि आता शेवटी रेघेनंतर एक अक्षर असतं: टी म्हणजे व्यवहार, एस म्हणजे सेवा, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. दहा अंकी साध्या नंबरवरून 'तुमचं कर्ज थकलंय, या लिंकवर भरा' असं आलं, तर ती ओळखीची गल्लत नसून जाळं आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' विभागात ते कळवा.

खऱ्या संस्थेचा संदेश असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तेच पत्र जवळच्या शाखेत देऊन पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

'मोबाईल क्रमांक ……… हा दिनांक ……… पासून माझ्या नावावर आहे. या क्रमांकावर तुमच्याकडील, शेवटचे चार अंक …… असलेल्या खात्याचे संदेश दिनांक ……… पासून येत आहेत. हे खाते माझे नाही. मी त्याचा कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. मला या खात्याची कोणतीही माहिती नको आहे. माझा क्रमांक या खात्यातून काढावा व काढल्याचे लेखी कळवावे.'

'माहिती नको आहे' हे वाक्य गाळू नका. 'तुम्ही खातेदार नाही, म्हणून आम्ही काही सांगू शकत नाही' हे खिडकीवरचं नेहमीचं उत्तर असतं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असतं. तुम्ही काही विचारतच नाही, फक्त नंबर काढायला सांगताय, हे लेखी असलं की त्या उत्तराला जागा राहत नाही.

आता उलट बाजू. तुमच्या घरातला नंबर दुसऱ्याच्या हाती जाऊन तुम्ही त्याच्या ओटीपीवर अवलंबून राहणं हे जास्त घातक आहे. आजीचं पेन्शन खातं, आजोबांचं ऊसबिल, गॅस, रेशनकार्ड, दूध संस्था, सगळीकडे थोरल्या नातवाचा एकच नंबर दिलेला असतो. नातू पुण्याला जातो, तिथे स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून नवं सिम घेतो, जुनं तसंच पडून राहतं. ९० दिवस वापर झाला नाही आणि शिल्लकही २० रुपयांखाली असली, तर कंपनी नंबर बंद करू शकते. त्यानंतर आणखी ९० दिवसांनी आजीच्या खात्याचे संदेश तिसऱ्याच कुणाच्या खिशात वाजू लागतात. म्हणून सिम सोडण्याआधी वहीच्या पानावर यादी करा: बँका, यूपीआय, आधार, पॅन, भविष्य निर्वाह निधी, गॅस, विमा, ईमेल, व्हॉट्सअॅप, सोसायटी, कारखाना, दूध संस्था. प्रत्येकापुढे नंबर बदलल्याची तारीख लिहा. यादी पुरी झाली की मगच सिम बंद करा.

याच जोडीला संचार साथीवर 'आपल्या नावावरचे मोबाईल कनेक्शन' तपासा. नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' हा पर्याय निवडा.

वसुलीचा फोन आला तर

'तानाजी पाटील बोलताय का?' याला लगेच 'होय' म्हणू नका. 'कोणते तानाजी पाटील पाहिजेत? वडिलांचं नाव काय, गाव कोणतं?' असं विचारा. स्वतःची जन्मतारीख, पॅन, पत्ता आपणहून सांगू नका. वसुलीवाल्याकडे अर्धवट माहिती असते आणि तुम्ही दिलेल्या तपशिलाने तीच पुरी होते. बिचारा माणूस आपण तो नव्हे हे पटवायला आधारचा फोटो पाठवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तगादा त्याच्याच पत्त्यावर सुरू होतो.

त्यांच्याकडून मात्र चार गोष्टी घ्या: कुठल्या संस्थेचं कर्ज, वसुली एजन्सीचं नाव, कर्जखात्याचे शेवटचे चार अंक, बोलणाऱ्याचं नाव. तारीख, वेळ आणि कुठल्या नंबरवरून फोन आला ते वहीत उतरवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. वेळेबाहेरच्या फोनची नोंद तक्रारीत फार उपयोगी पडते. 'दोन हजार भरा, विषय मिटवू' असं म्हणाले तर एक रुपयाही देऊ नका. भरलेला हप्ता हा कर्ज कबूल केल्याचा पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवला जाऊ शकतो.

क्रेडिट रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं कर्ज

नावाच्या घोळाची सर्वांत महाग किंमत इथे मोजावी लागते. कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा, कारण चुकीचं खातं एकीकडे असतं आणि दुसरीकडे नसतं.

स्कोअरचा आकडा बाजूला ठेवा. पहिल्यांदा वैयक्तिक माहितीचं पान पाहा: तुम्ही कधी न राहिलेला पत्ता, न वापरलेला फोन, दुसरा पॅन किंवा वेगळी जन्मतारीख दिसते का? दिसली तर दोन माणसांच्या फायली एकत्र झाल्या आहेत, आणि खात्यांच्या यादीत परकं कर्ज बहुधा सापडतंच. प्रत्येक परक्या खात्यापुढे संस्थेचं नाव, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख आणि थकबाकी आपल्या कागदावर उतरवा.

मग तक्रार दोन्हीकडे करा, क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही. क्रेडिट कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, ती कर्जसंस्थेला विचारते. तिथे तुमचा फरकाचा कागद आधीच पोचलेला असेल तर उत्तर लवकर येतं. तक्रारीत 'मालकी' या सदराखाली 'हे खाते माझे नाही' हाच पर्याय निवडा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे.

या टप्प्यावर एक सापळा असतो. कर्जसंस्था म्हणते, 'आम्ही तुम्हाला येणे बाकी नसल्याचा दाखला देतो.' तो घेऊ नका. त्या दाखल्याचा अर्थ कर्ज तुमचं होतं आणि फिटलं, असा होतो. रिपोर्टमध्ये 'तडजोडीने बंद' असा शेरा पडला तर तो पुढे घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. तुम्हाला हवं ते पत्र असं: 'सदर खाते या व्यक्तीचे नाही, नोंद चुकून जोडली गेली, ती काढण्याबाबत क्रेडिट कंपन्यांना कळवले आहे.'

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. क्रेडिट माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. कसं करायचं हे १४४४८ वर विचारता येतं.

प्राप्तिकराच्या बाबतीत काम सोपं आहे. पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडा. जमिनीची विक्री, मोठी ठेव किंवा व्याज तुमचं नसताना दिसत असेल, तर त्या ओळीवर अभिप्राय देताना 'माहिती दुसऱ्या पॅनची' हा पर्याय निवडा. विवरणपत्र भरण्याआधी हे करा.

सातबारा, ऊसबिल, दूधबिल

जमिनीच्या नोंदीत आजोबा-नातवाचा घोळ खरा त्रास देतो. आजोबा वारले, वारसनोंद झाली नाही, आणि सातबाऱ्यावर 'तानाजी रामचंद्र पाटील' तसंच राहिलं. नातवाचंही नाव तेच, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं नोंद आहेच की. पण ती नोंद आजोबांची आहे, तिच्यावर आत्या-काकांचाही वारसा आहे. नातवाने ती आपली समजून सोसायटीचं कर्ज काढलं तर पुढे भावकीत तंटा ठरलेला.

ओळखायचं कसं? सातबाऱ्यावर नावाच्या बाजूला फेरफार क्रमांक असतो, म्हणजे ते नाव ज्या बदलाच्या नोंदीने लागलं तिचा क्रमांक. तो फेरफार काढा आणि वर्ष पाहा. १९७८ चा फेरफार असेल आणि नातवाचा जन्म १९८५ चा असेल, तर प्रश्नच संपला. त्याबरोबर खाते क्रमांक आणि आठ-अ, म्हणजे एका खात्यावरच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, पाहा. एकाच नावाच्या दोन वेगळ्या माणसांच्या जमिनी एकाच खात्यात गोळा झाल्या असतील तर ते आठ-अ वर लगेच दिसतं.

लेखनातली किंवा संगणकीकरणातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत जुना हस्तलिखित सातबारा, फेरफार आणि फरकाचा कागद जोडा. हक्काचाच वाद असेल तर कलम १५५ तिथे चालत नाही, प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करावं लागतं आणि त्याला ६० दिवसांची मुदत आहे. फेरफाराची नोटीस हाती आली तर हरकत १५ दिवसांत लेखी द्या. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, तोंडी सांगून घरी येऊ नका.

कारखान्यात आणि दूध संस्थेत नावावर भरवसा ठेवू नका, क्रमांकावर ठेवा. ऊस जाताना वजनपावतीवर तुमचा सभासद किंवा खाते क्रमांक आणि गट नंबर बरोबर आहे का ते गाडी हलण्याआधी पाहा. दहा दिवसांच्या दूधबिलावरचा उत्पादक क्रमांकही तसाच पाहा. एकदा पैसे दुसऱ्या पाटलाच्या खात्यात गेले की परत मिळतात, पण सणवार निघून जातात.

समन्स, वॉरंट, पोलिसांचा निरोप

समन्स घ्यायला नकार देऊ नका. कागदावर कोर्ट, खटला क्रमांक, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता वाचा. पोच देताना सहीच्या वर लिहा: 'नावसाधर्म्य. समन्समधील व्यक्ती मी नाही.' त्याचा मोबाईलवर फोटो ठेवा. मग ठरलेल्या तारखेला कोर्टात अर्ज द्या. 'आपला काही संबंध नाही' म्हणून तारीख चुकवली, तर पुढचा कागद वॉरंटचा येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला मिळतो, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१००.

पोलीस दारात आले तर शांतपणे वॉरंट दाखवायला सांगा, त्यातलं वडिलांचं नाव आणि वय आपल्या ओळखपत्राशी ताडून दाखवा, घरच्यांना आणि वकिलाला लगेच कळवा. व्हिडिओ कॉलवर कुणी 'तुमच्या नावाचं पार्सल सापडलं, तुम्हाला डिजिटल अटक आहे' म्हणालं, तर फोन ठेवा. असली अटक कायद्यात नाही.

पैसे चुकून आले किंवा गेले

यूपीआयने पैसे पाठवताना सेव्ह केलेलं नाव पाहू नका, पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं बँकेतलं नाव पाहा. चुकून गेले तर त्याच अॅपमधून तक्रार नोंदवा आणि बँकेला व्यवहार क्रमांकासह कळवा. तुमच्याकडे कुणाचे पैसे चुकून आले आणि 'दादा, परत पाठवा ओ' असा फोन आला, तर त्याने सांगितलेल्या नंबरवर पाठवू नका. शाखेत जाऊन लेखी कळवा, बँक ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवते. फोन करणारा आणि पैसे पाठवणारा एकच असेल असं नाही.

दवाखान्यात तर नावाला 'होय' म्हणून सुई टोचून घेऊच नका. रक्त घेताना, रिपोर्ट घेताना आणि विशेषतः रक्त चढवताना नावाबरोबर केसपेपरचा क्रमांक किंवा जन्मतारीख मोठ्याने विचारून घ्या, नर्सताईंची घाई असली तरी. नळीवर लावलेलं लेबल आपल्यासमोर वाचून दाखवायला सांगा.

बारशाच्या वेळी

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय नोंदीत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आईच्या नावाने आजोबा आणि नातू आता कागदावर वेगळे होतात. आजोबांचं नाव खुशाल ठेवा. फक्त जन्मदाखला हाती आला की आईचं नाव त्यात आहे का आणि इंग्रजी स्पेलिंग आई-वडिलांच्या पॅनशी जुळतं का ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून तपासा. मग शाळा, आधार, बँक, सगळीकडे तेच स्पेलिंग लावा, पोवार असतील तर पोवारच.